वर्णानुक्रम आणि सर्व्हरची नवी आवृत्ती

१

कोशवाङ्मयाचा नित्य उपयोग करणाऱ्यांना एक गोष्ट परिचयाची असेल. मराठी वर्णमाला पाठ केलेला वाचक ‘क्षमा’ हा शब्द कोशाच्या अखेरीस शोधू लागतो, कारण त्याच्या मनातील वर्णमाला ‘ह, ळ, क्ष, ज्ञ’ अशी संपते. ‘हिंदी शब्दसागरा’त मात्र तोच शब्द ‘क’ ह्या वर्णाच्या पोटात दिलेला आढळतो. शब्द एकच, लिपी एकच. परंतु त्याची जागा निराळी. कोश रचणाऱ्याचा संकेत आणि कोश पाहणाऱ्याचा संकेत हे दोन्ही जुळले, तरच शब्द हाती लागतो. ते न जुळल्यास शब्द पानावर छापलेला असूनही वाचकाच्या दृष्टीने तो नसल्यासारखाच होतो.

हा प्रश्न केवळ छापील कोशांचा आहे असे मानण्याचे कारण नाही. आज विद्यापीठांच्या ग्रंथसूची, शासनाच्या नामावल्या, हस्तलिखितांच्या नोंदी आणि शब्दसंग्रह हे सारे संगणकांच्या आधीन झाले आहेत. हे संगणक, म्हणजे ज्यांना सर्व्हर म्हणतात ते, बहुतांशी लिनक्स ह्या कार्यप्रणालीवर चालतात आणि त्यांवरील सॉफ्टवेअर वेळोवेळी अद्ययावत करावे लागते. हे काम तंत्रज्ञांचे आहे, भाषेच्या अभ्यासकाचा त्याच्याशी संबंध नाही, अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रस्तुत लेखात ह्या समजुतीची तपासणी करावयाची आहे. सर्व्हरवरील एक पॅकेज बदलले असता भाषेचा वर्णानुक्रम बदलू शकतो आणि त्यामुळे संग्रहात असलेली नोंद सापडेनाशी होऊ शकते, ही वस्तुस्थिती आहे. ती कशी घडते आणि तिच्यापासून संरक्षण कसे करावे, हे येथे क्रमाने पाहू.

बंगळूर हे ह्या विचाराला अनुरूप असे नगर आहे. १९८१ मध्ये पुण्यात स्थापन झालेली इन्फोसिस ही कंपनी १९८३ मध्ये येथे आली. लिनक्सला वाहिलेले ‘लिनक्स बंगळूर’ हे संमेलन येथे २००१ मध्ये भरले आणि पुढे ‘फॉस डॉट इन’ ह्या नावाने चालू राहिले. आधार योजनेचे तंत्रज्ञान केंद्र ह्याच शहरात उभे राहिले. त्या योजनेतील पहिला क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी महाराष्ट्रातील नंदुरबार जिल्ह्यात, टेंभली ह्या गावी दिला गेला. आधारपत्रावर नाव इंग्रजीबरोबर स्थानिक भाषेतही छापले जाते. आधारच्या सर्व्हरांविषयी येथे कोणतेही विधान करावयाचे नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी देवनागरीत नोंदलेले नाव आणि शेकडो कोसांवरील यंत्रशाळा ह्यांचा संबंध किती निकटचा झाला आहे, एवढेच ह्या उदाहरणावरून ध्यानी यावे.

२

प्रथम ‘पॅकेज’ ही कल्पना स्पष्ट केली पाहिजे. लिनक्सवर चालणारा सर्व्हर म्हणजे एकच एकसंध वस्तू नव्हे. कार्यप्रणालीचा गाभा, त्याभोवती असंख्य कार्यक्रमांना लागणारे सामायिक आज्ञासंग्रह, आणि त्यांच्या आधारे चालणारे डेटाबेससारखे मोठे कार्यक्रम अशी ही उतरंड असते. ह्यातील प्रत्येक घटक पॅकेजच्या रूपाने बसविला जातो. प्रत्येक पॅकेजला आवृत्तीचा क्रमांक असतो आणि ते दुसऱ्या कोणत्या पॅकेजांवर अवलंबून आहे ह्याची नोंद त्यातच केलेली असते. म्हणून एक पॅकेज बदलावयास गेले की त्याच्यामागून दहा पॅकेजे बदलतात. उतरंडीतील खालचे मडके हलले की वरची सारी हलतात, तसाच हा प्रकार आहे.

असे असताना हे बदल करावेच कशाला, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, जुन्या आवृत्तीची देखभाल कायम चालू राहत नाही. सेंटओएस ७ ही लिनक्सची आवृत्ती २०१४ मध्ये आली व अनेक संस्थांनी ती आपलीशी केली. तिची देखभाल ३० जून २०२४ रोजी संपली. त्यानंतर तिच्यात सुरक्षेचा एखादा दोष आढळला, तरी तो दुरुस्त करणारे पॅकेज त्या प्रकल्पाकडून मिळत नाही. अशा स्थितीत सर्व्हर जुन्या आवृत्तीवर ठेवणे म्हणजे कुलूप मोडलेल्या दाराने संग्रह उघडा ठेवणे होय. तात्पर्य, अद्ययावत करणे टाळता येत नाही. ते कसे करावे एवढाच प्रश्न उरतो.

ह्या उतरंडीत अगदी खाली ‘जीएनयू सी लायब्ररी’ नावाचा आज्ञासंग्रह असतो. तंत्रज्ञ त्याला संक्षेपाने ‘जीलिबसी’ म्हणतात. लिनक्सवरील बहुतेक सर्व कार्यक्रम त्याच्यावर विसंबून असतात. दिनांक कसा लिहावा, रक्कम कशी मांडावी, आणि दोन शब्दांपैकी कोणता आधी व कोणता नंतर मानावा, हे भाषानिहाय संकेत त्यात साठविलेले असतात. वाङ्मयाच्या अभ्यासकाने येथे थांबून विचार करण्याजोगी बाब ही की, वर्णानुक्रम हा संग्रहित मजकुरात नसतो. तो मजकुराबाहेर, एका निराळ्या पॅकेजात असतो. डेटाबेस त्याची विचारणा करतो आणि मिळालेल्या उत्तरावर विश्वास ठेवून आपली सूची रचतो.

३

ही सूची कशी रचली जाते ते आता पाहू. लक्षावधी नोंदींतून एक नाव शोधताना संगणक आरंभापासून शेवटपर्यंत वाचत बसत नाही. तो वर्णानुक्रमाने लावलेल्या सूचीच्या मध्यावर जातो, हवे असलेले नाव तेथील नावाच्या आधीचे की नंतरचे हे ठरवितो, आणि उरलेल्या अर्ध्या भागाकडे पुन्हा पाहतही नाही. आपणही कोश असाच उघडतो. प्रत्यक्षातील सूची वृक्षाच्या आकाराची आणि पुष्कळ फांद्यांची असते. परंतु तत्त्व हेच.

सात आडनावांची एक छोटी सूची कल्पावी: कदम, करमरकर, कानडे, काळे, कावळे, केळकर, कोरे. ही सूची युनिकोडच्या सांकेतिक क्रमाने लावलेली आहे. १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. तिच्यातील देवनागरीची मांडणी इस्की ह्या भारतीय संकेतप्रणालीच्या १९८८ च्या रूपावर आधारलेली आहे. तीत ‘ळ’ हा वर्ण ‘ल’ नंतर लगेच, म्हणजे ‘व’ च्या आधी येतो. म्हणून ‘काळे’ आधी आणि ‘कावळे’ नंतर, असा हा क्रम लागला.

आता असे समजू की सर्व्हरवर नवे पॅकेज बसविले गेले आणि त्यातील नियम मराठी वर्णमालेस अनुसरून ‘ळ’ ला ‘ह’ नंतर जागा देतात. सूची मात्र पूर्वी लावलेलीच राहिली. आता ‘कावळे’ हे नाव शोधावयाचे आहे. मध्यावर ‘काळे’ आहे. नव्या नियमाप्रमाणे ‘कावळे’ हे ‘काळे’ च्या आधी यावयास हवे. म्हणून संगणक सूचीचा पूर्वार्ध चाळतो, तेथे कदम, करमरकर आणि कानडे ह्यांच्यापलीकडे काही नाही, आणि तो निःशंकपणे उत्तर देतो की ह्या नावाची नोंद नाही. वस्तुतः ती नोंद ‘काळे’ च्या शेजारीच आहे.

ह्या उदाहरणातील दोन गोष्टी विशेष लक्षात घेतल्या पाहिजेत. पहिली अशी की, केळकर आणि कोरे हे पूर्वीप्रमाणेच सापडतात. सातांपैकी सहा नावे सुखरूप असल्याने चार-दोन नावे तपासून पाहणाऱ्यास सर्व काही ठीक आहे असेच वाटते. यंत्र बंद पडत नाही, दोषाची सूचनाही देत नाही; ते शांतपणे चुकीचे उत्तर देते. दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. नोंद नाही असे उत्तर आल्यावर कारकून ती नव्याने करतो. एका नावाची किंवा एका क्रमांकाची एकच नोंद असावी असे बंधन डेटाबेसमध्ये घातलेले असले, तरी त्या बंधनाची तपासणीही ह्याच सूचीवरून होते. त्यामुळे दुसरी नोंद निर्वेधपणे स्वीकारली जाते. एका ग्रंथाचे दोन ग्रंथ, एका माणसाची दोन माणसे होतात, आणि पुढे त्यांतील खरे कोणते हे ठरविणे यंत्राच्या आवाक्याबाहेर जाते.

४

वरील उदाहरण समजुतीसाठी रचलेले असले, तरी त्यातील आपत्ती काल्पनिक नाही. १ ऑगस्ट २०१८ रोजी जीलिबसीची २.२८ ही आवृत्ती प्रसिद्ध झाली. तिच्यात वर्णानुक्रमाचे कोष्टक आंतरराष्ट्रीय मानक संघटनेच्या १४६५१ ह्या मानकाच्या २०१६ मधील आवृत्तीशी जुळवून घेतले गेले. बदल विस्तृत होता. त्याची ओळख पटविण्याची एक सोपी कसोटी तंत्रज्ञांत रूढ झाली आहे. आंतरराष्ट्रीय अंकांत ‘११’ आणि मध्ये संयोगचिन्ह घातलेले ‘१-१’ अशी दोन पदे इंग्रजीच्या नियमांनी लावावयास द्यावीत. जुनी आवृत्ती ‘११’ आधी ठेवते. नवी ‘१-१’ आधी ठेवते. संयोगचिन्हासारख्या किरकोळ चिन्हाच्या वजनात फरक पडला, आणि तेवढ्याने ग्रंथांचे दाखलक्रमांक, वाहनांचे क्रमांक, जोडनावे अशा असंख्य नोंदींचा क्रम फिरला.

ह्या बदलाचा सर्वांत मोठा फटका पोस्टग्रेस ह्या डेटाबेसच्या वापरकर्त्यांना बसला. हा डेटाबेस वर्णानुक्रमासाठी सामान्यतः कार्यप्रणालीच्या जीलिबसीवर विसंबून असतो. डेबियनच्या नवव्या आवृत्तीवरून २०१९ मधील दहाव्या आवृत्तीवर जाणारे, उबुंटूच्या १८.०४ वरून २०.०४ वर जाणारे, आणि सेंटओएस ७ सोडून रेड हॅटच्या आठव्या पिढीकडे वळणारे हे सारे ह्याच सीमारेषेवरून गेले. सेंटओएस ७ मध्ये जीलिबसीची २.१७ ही २०१२ मधील आवृत्ती होती. आठव्या पिढीत २.२८ आली. येथे ध्यानात ठेवावयाचे ते हे की, ह्या संक्रमणात डेटाबेसचा कार्यक्रम अक्षरशः तोच राहू शकतो. त्याला कोणी स्पर्शही केलेला नसतो. पायाखालची जमीन बदललेली असते.

विशेषतः एक रीत फसवी ठरते. काम न थांबविता सर्व्हर बदलण्यासाठी पुष्कळदा नव्या कार्यप्रणालीवर एक जुळी प्रत उभी करतात, जुन्या सर्व्हरवरील प्रत्येक बदल तिच्याकडे जसाच्या तसा पाठवितात, आणि एके दिवशी कारभार तिच्याकडे सोपवितात. ह्या रीतीत सूचीची पानेही जशीच्या तशी नकलली जातात. म्हणजे जुन्या संकेताने लावलेली सूची नव्या संकेताने वाचली जाते. याउलट, मजकूर शब्दरूपाने बाहेर काढून नव्या ठिकाणी पुन्हा भरला, अथवा प्रत्येक नोंद अर्थरूपाने पाठविली, तर सूची नव्या संकेताने नव्यानेच रचली जाते आणि हा दोष उद्भवत नाही. नक्कल करणे आणि पुन्हा रचणे ह्यांतील हा भेद हस्तलिखितांच्या संपादकास नव्याने समजावून सांगावा लागू नये.

५

उपायांचा विचार करताना संपादनशास्त्रातील एक साधे तत्त्व उपयोगी पडते: उद्धृत करताना आवृत्ती सांगावी. पोस्टग्रेसच्या विकासात हेच तत्त्व क्रमाक्रमाने स्वीकारलेले दिसते. २०१७ मधील दहाव्या आवृत्तीत आयसीयू ह्या स्वतंत्र आज्ञासंग्रहाचे वर्णानुक्रम वापरण्याची सोय झाली आणि त्यांच्या आवृत्तीची नोंद ठेवली जाऊ लागली. २०२० मधील तेराव्या आवृत्तीत ही नोंद जीलिबसीच्या बाबतीतही होऊ लागली. २०२२ मधील पंधराव्या आवृत्तीपासून संपूर्ण डेटाबेसच्या मूळ वर्णानुक्रमाची आवृत्ती लिहून ठेवली जाते, आणि ती जुळली नाही तर इशारा मिळतो. मायएसक्यूएलने निराळा मार्ग पत्करला. तेथे वर्णानुक्रमाचे नियम डेटाबेसच्याच पोटात असतात आणि नवे नियम नव्या नावाने येतात. २०१८ मधील त्याच्या ८.० आवृत्तीतील मुख्य वर्णानुक्रमाच्या नावात ‘०९००’ हे अंक आहेत; ते युनिकोडच्या नवव्या आवृत्तीचे निदर्शक होत. जुने नाव घेतले तर जुनाच क्रम मिळतो.

प्रत्यक्ष काम करणाऱ्याने पुढील क्रम पाळावा हे श्रेयस्कर. प्रथम, जुन्या व नव्या सर्व्हरवरील जीलिबसी, आयसीयू आणि डेटाबेस ह्यांचे आवृत्तिक्रमांक लिहून काढावेत. नंतर मूळ संग्रहास हात न लावता त्याची प्रत घ्यावी, ती परत उभी करता येते ह्याची खात्री करावी, आणि सारा प्रयोग त्या प्रतीवर करावा. आपल्या भाषेतील निवडक शब्दांची यादी दोन्ही यंत्रांवर लावून पाहावी. क्रम भिन्न निघाला तर शब्दांवर आधारलेली प्रत्येक सूची संशयास्पद मानावी. याद्या जुळल्या तरी निवडक शब्दांनी सर्व शक्यता तपासल्या जात नाहीत. तेव्हा आवृत्तिक्रमांक बदलला असेल तर सूची नव्याने रचणेच सुरक्षित. केवळ संख्यांवरील सूचींना ह्या प्रकारचा धोका नसतो. सूचीचा क्रम बिघडला आहे काय, हे तपासण्यासाठी पोस्टग्रेसमध्ये दहाव्या आवृत्तीपासून ‘एमचेक’ नावाचे साधन आहे. सूची पुन्हा रचण्याची आज्ञा स्वतंत्र आहे, आणि २०१९ मधील बाराव्या आवृत्तीपासून ती काम चालू असतानाही देता येते. मात्र मधल्या काळात दुहेरी नोंदी झाल्या असतील, तर एकमेवत्वाची सूची पुन्हा रचली जाणार नाही. त्या नोंदी माणसानेच तपासून दूर केल्या पाहिजेत. हे सर्व झाल्यानंतरच नवी आवृत्ती नोंदीत लिहावी. आधी नोंद बदलून इशारा बंद करणे म्हणजे दोष झाकणे होय.

येथे असा पर्याय सुचविला जातो की, सूची केवळ युनिकोडच्या सांकेतिक क्रमाने ठेवावी. तो क्रम पॅकेज बदलले तरी बदलत नाही. शोध घेण्यापुरता हा उपाय उत्तम आहे. पोस्टग्रेसच्या २०२४ मधील सतराव्या आवृत्तीत अशा स्थिर क्रमाची अंगभूत सोयही करण्यात आली आहे. परंतु वाचकापुढे ठेवावयाची यादी ह्या क्रमाने लावली तर ‘क्षीरसागर’ हे नाव ‘कौशिक’ च्या मागोमाग येते आणि ‘ळ’ चे स्थान मराठीचे राहत नाही. म्हणून यंत्राच्या शोधासाठी एक क्रम आणि वाचकाच्या डोळ्यांसाठी दुसरा, हा विवेक ठेवणे इष्ट होय.

६

भाषेच्या अभ्यासकाचे काम नेमके येथे सुरू होते. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने प्रमाणीकृत देवनागरी वर्णमाला प्रसिद्ध केली. वर्णमालेतील वर्णांचा क्रम ठरला म्हणजे शब्दांचा क्रम ठरला असे मात्र होत नाही. अनुस्वार स्वरांच्या आधी मानावा, की पुढील व्यंजनाच्या वर्गातील अनुनासिक समजून त्याची जागा ठरवावी? ‘ॲ’ आणि ‘ऑ’ हे इंग्रजी शब्दांबरोबर आलेले स्वर कोठे बसवावेत? जोडाक्षराला स्वतंत्र स्थान द्यावे की पहिल्या व्यंजनाखाली घालावे? हे निर्णय कोशकार पिढ्यान्‌पिढ्या घेत आले. आज तेच निर्णय एका कोष्टकाच्या रूपाने सर्व्हरवर बसतात. फरक एवढाच की, कोशकार आपला संकेत प्रस्तावनेत सांगत असे. पॅकेज तो वाचकास सांगत नाही.

अनेक भाषांच्या संग्रहात हा प्रश्न अधिकच कठीण होतो. बंगळूरलाच शहाजीराजांच्या दरबारी जयराम पिंड्ये ह्याने ‘राधामाधवविलासचंपू’ रचला. वि. का. राजवाडे ह्यांनी १९२२ मध्ये संपादिलेल्या ह्या ग्रंथात संस्कृतबरोबर अनेक देशी भाषांतील पद्ये आहेत. अशा ग्रंथाची पद्यसूची करावयाची तर कोणत्या भाषेचा क्रम लावावा? देवनागरीत लिहिलेले मराठी, हिंदी आणि संस्कृत शब्द एकाच रकान्यात असतील, तर संगणकाला त्यांतील एकच नियम सांगता येतो, आणि तो सांगणारा मनुष्य बहुधा ह्या भाषांचा अभ्यासक नसतो.

म्हणून भारतीय भाषांच्या विभागांनी दोन साधी कामे अंगावर घ्यावीत असे सुचवावेसे वाटते. एक, आपापल्या भाषेतील शे-दोनशे शब्दांची कसोटीची यादी तयार करावी. तीत अनुस्वार, ‘ळ’, ‘क्ष’, ‘ज्ञ’, रफार, जोडनावे आणि संयोगचिन्हे असणारे शब्द असावेत आणि त्यांचा अपेक्षित क्रम विद्वानांनी निश्चित केलेला असावा. सर्व्हरवर नवी आवृत्ती बसविण्यापूर्वी व बसविल्यानंतर तंत्रज्ञांनी ही यादी लावून पाहावी. दोन, प्रत्येक ग्रंथसूचीच्या आणि नामावलीच्या प्रास्ताविकात तिचा वर्णानुक्रम कोणत्या नियमसंचाच्या कोणत्या आवृत्तीने लावला आहे, हे एका वाक्यात नमूद करावे.

ह्या कामांना मोठा खर्च नाही आणि विशेष यंत्रविद्याही नको. ज्याला आपल्या भाषेची वर्णमाला जाणीवपूर्वक ठाऊक आहे, असा मनुष्य मात्र हवा. नवीन पॅकेजे यावयाचीच. त्यांतील कोष्टकेही बदलावयाची, कारण लिपीत नवे वर्ण दाखल होतात आणि जुन्या नियमांतील चुका सुधारल्या जातात. त्या प्रत्येक बदलाच्या वेळी ‘कावळे’ सापडतात की नाही, हे विचारणारा कोणीतरी तेथे असला पाहिजे.